सहाव्या किलोमीटरचं वळण

प्रिय मालू,

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मला बोलूच देत नाहीस. "वैजू, तू होतीस म्हणून मी आहे," म्हणतेस आणि मी विषय बदलते. म्हणून पत्र. दुपारपासून चार वेळा टेबलाशी बसले आणि चार वेळा उठले. एकदा तर धुतलेलेच कपडे पुन्हा मशीनला लावले. मग शूज घालून रेडवेच्या सायकलवाटेवरून पार कालव्यापर्यंत पळून आले. पुष्कर म्हणाला, "अगं, सकाळीच पळालीस ना?" पळाले होते. ग्रेनाडाहून परत आल्यापासून सात आठवडे माझं हेच चाललंय. स्वस्थ बसलं की नको ते डोक्यात येतं.

तू अर्धा दिवस का होईना, कामावर जायला लागलीस हे फार बरं झालं. तुझे रिपोर्ट नॉर्मल आले हे मला तुझ्याआधी सारानं कळवलं. "मावशी, आईची किडनी आता एकदम चांगला आहे!" नऊ वर्षांच्या पोरीचं ते मराठी ऐकून मी हसले आणि फोन ठेवल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. पुष्करला वाटलं, आनंदानं रडतेय.

तुला आठवतं, मँचेस्टरला आपण एका घरात राहायचो तेव्हा पळायला आधी मी सुरुवात केली होती? तू नंतर आलीस आणि महिन्याभरात माझ्या पुढे गेलीस. पुढे तू कार्डिफला गेलीस, मी मिल्टन कीन्सला आले, पण वर्षातून दोन-तीन रेस आपण एकत्र धावायचो. दर वेळी तू फिनिशपाशी केळं खात उभी असायचीस आणि मी दिसले की ओरडायचीस, "कमॉन वैजू, थोडंच राहिलं!" प्रेमानंच ओरडायचीस. मीही हसायचे. पण ते मला लागायचं, मालू. हे तुला कधी कळू दिलं नाही.

कॅरिबियनमधल्या त्या ग्रेनाडाच्या रनची लिंकही तूच पाठवलीस. बाहेरून येणाऱ्या रनर्ससाठी चॅरिटी रन, दहा किलोमीटरचा नुसता चढ, जमतील ते पैसे डोंगरातल्या गावाच्या दवाखान्याला. साराला आपण पुष्करपाशी ठेवलं आणि गॅटविकहून विमानानं निघालो. मी चार महिने तयारी केली होती. तुला सांगितलं नव्हतं. सकाळी सहालाच हवा ओल्या टॉवेलासारखी अंगाला चिकटत होती. रस्त्याकडेला जायफळं वाळत घातली होती, त्या वासानं तू म्हणालीस, "श्रीखंड खावंसं वाटतंय गं." आणि पुढे निघून गेलीस. पाचव्या किलोमीटरनंतरचं काहीच आठवत नाही, असं तू म्हणतेस. मला सगळं आठवतंय.

सहाव्या किलोमीटरच्या वळणावर तू कठड्याला टेकून खाली बसली होतीस. मान गुडघ्यांत. माझ्या पावलांचा आवाज ऐकून तू डोकं वर केलंस आणि हात उचललास. पुढे जा म्हणून नव्हे. थांब म्हणून. हे मला त्याच क्षणी कळलं होतं. शेजारच्या घरातून एक बाई छत्री घेऊन येत होती, तिनंही मला हाक मारली. मी घड्याळ पाहिलं. मनात आलं, आज पहिल्यांदा ही माझ्या मागे असेल. आणि मी पळत राहिले. आपलं नेहमीचं दमणं असेल, ती बाई आहेच, असं काहीबाही मनात म्हणत राहिले. पण मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर थांबावं लागलं असतं.

वर गळ्यात मेडल घालून मी नारळपाणी पीत होते, तेव्हा पिकअप ट्रक आला. तू बेशुद्ध होतीस आणि त्या बाईनं, मिस अर्लीननं, तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. त्यानंतरचं सगळं तुला लोकांनी सांगितलंय: मी ट्रकमध्ये कशी चढले, उष्माघातानं तुझ्या किडन्या बंद पडल्या तेव्हा हॉस्पिटलात तीन दिवस तुझ्या उशाशी कशी बसले. ते खरंच आहे. पण दुसऱ्या दिवशी मिस अर्लीन तुला बघायला आली, थर्मासमधून कोको घेऊन. ती म्हणाली, "पिवळ्या टॉपमधली एक बाई हिला बघून तशीच गेली. मी हाक मारली होती." मी म्हणाले, "मला कोणी दिसलं नाही." माझा पिवळा टॉप समोरच खुर्चीवर वाळत होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि माझ्या हातात कोकोचा कप दिला. एक शब्दही बोलली असती तर मी तिथंच सगळं कबूल केलं असतं.

आता हे आजच का लिहितेय ते सांगते. परवा तुझी ईमेल आली. गुरुवारी तू सॉलिसिटरकडे विलवर सही करणार आहेस आणि साराची गार्डियन म्हणून माझं नाव घातलं आहेस. कारण लिहिलंयस: "माझ्यासाठी थांबणारी एकच व्यक्ती मला माहीत आहे." ती ओळ वाचल्यापासून माझ्या जिवाला चैन नाही. सही करायच्या आधी तुला खरं कळायला हवं. माझं नाव खोडलंस तर मी कारण विचारणार नाही. तरीही ठेवावंसं वाटलं, तर साराला कळत्या वयात हे पत्र दाखव. मी कशी आहे हे ओळखून तिनं माझ्याकडे यावं. उद्या सकाळी हे स्पेशल डिलिव्हरीनं टाकतेय, म्हणजे मंगळवारी तुझ्या हातात पडेल. फोन मी करणार नाही. तो तू करायचास की नाही, हे आता तुझ्या हातात.

अजूनही म्हणू दिलंस तर, तुझीच
वैजयंती