वहीतली 'स.'

काचीगुडा, हैदराबाद
९ जुलै २०२४

ती. स्व. दादास,
इंदूचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून लिहिते.

बरकतपुऱ्यात आपल्या मास्तरांच्या, म्हणजे चित्रकार भुजंगराव देवणीकरांच्या घराचं संग्रहालय झालंय. तिथलं काम पाहणारी त्रिवेणी आपल्याच लोकांतली, पण तिला मराठी धड वाचता येत नाही. मास्तर विचारवंत म्हणून नावाजले ते ज्या वह्यांमुळे, त्या वाचून द्यायला मी आठवडाभर जातेय.

दादा, दर दोन पानांआड 'स. म्हणाली' असं लिहून पुढे एखादा विचार आहे. जाणकार म्हणतात, 'स.' म्हणजे सत्य, मास्तरांचा आतला आवाज. छापील पुस्तकात तर ते दोन शब्द गाळलेच आहेत. मीही मान डोलावली. मग १९५८च्या वहीत हे आलं : 'स. म्हणाली, धाकटी विहिरीत पडली तेव्हा मी ओरडले नाही. ओरडले असते तर आपण बुडतोय हे तिला कळलं असतं.'

गावच्या विहिरीत मी पडले होते. 'स.' म्हणजे आपली आई, सरूबाई. ती मास्तरांकडे स्वयंपाकाला होती एवढंच मला ठाऊक. तिला सहीसुद्धा येत नव्हती. मास्तरांनी तिचे शब्द घेतले म्हणायचं, की जपले? डोकं दुखतंय सांगून मी उठून आले. त्रिवेणीला सांगू का?

माया आहे तशीच राहू द्यावी,
आपली इंदू


उदगीर
१६ जुलै २०२४

चि. इंदूस अनेक आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. सांगू नकोस.

मास्तर चुलीपाशी पाट टाकून आईला काहीबाही विचारत बसायचे, ते मी पाहिलंय. ह्या माणसाच्या सवालांपायी माझी भाकरी करपते, असं ती म्हणायची. त्यात काही विचार असतील असं मला वाटलं नाही. मला फक्त लाज वाटायची. पाटलांची सून दुसऱ्याच्या घरी भाकऱ्या थापते, हे लपवायला माझ्या लग्नात मी सांगितलं की आई शाळेत शिकवायची. ती आधीच गेलेली, म्हणून निभावलं. विक्रमला आजही तेच माहीत आहे. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी पोराला काय सांगू?

शिवाय त्यातलं मास्तरांचं किती आणि आईचं किती, हे कोण ठरवणार? मलाही उमगत नाही.

प्रकृतीला जप.
तुझा हिम्मतदादा


काचीगुडा
२३ जुलै २०२४

ती. स्व. दादास, शि. सा. न.

तुमचं पत्र हाती पडायच्या आधीच तोंडून निघून गेलं. एक प्राध्यापक मुलांना 'स.' म्हणजे सत्य असं समजावत होते. मी म्हणाले, अहो, ती माझी आई. त्यांनी अदबीनं पुरावा विचारला. माझ्यापाशी कुठला पुरावा? त्रिवेणीनं मला खुर्ची दिली आणि म्हणाली, अम्मा, परेशान होऊ नका, पुढची वही वाचा.

तिथं होतं : 'स.ला चित्र दाखवलं. म्हणाली, हात चुकला. भाकरी थापताना करंगळी अशी वळत नाही. उद्या खरवडून पुन्हा काढतो.' ते चित्र दिवाणखान्यातच आहे. करंगळीपाशी रंग खरवडल्याची खूण दिसते. प्राध्यापक बराच वेळ तिथंच उभे होते.

आता चित्राखाली पाटी लावायचीय आणि संग्रहालयाचे लोक आईचं पूर्ण नाव मागताहेत. तुम्ही नको म्हणालात, म्हणून अडवून धरलंय. मास्तरांचा राग येतो, उतरतो, जेवताना पुन्हा येतो. माझं मलाच कळत नाही.

उलट टपाली कळवावं, एवढा हट्ट पुरवा,
इंदू


उदगीर
३० जुलै २०२४

चि. इंदूस आशीर्वाद.

विक्रमला सगळं सांगितलं. तो रागावला नाही. त्यानं एवढंच विचारलं, आजी आणखी काय काय बोलायची?

मी आठवत बसलो. हात धू, जेवून घे, शाळेला उशीर होतोय. याच्यापुढे काही आठवेना. इंदू, मी तिला कधी काही विचारलंच नव्हतं. मास्तरांनी विचारलं. त्यांचा राग यायला हवा, तर तोही धड येत नाही.

पाटीवर नाव लिहायला सांग : सरूबाई ज्ञानोबा पाटील. स्वयंपाकाला होती, हेही लिहायला सांग. पुढच्या आठवड्यात गुरुवारी विक्रमबरोबर काचीगुड्याला उतरतो. मला त्या वह्या पहिल्या पानापासून ऐकायच्या आहेत.

मी चुकलो, तरी जीव लावत राहा.
तुझा दादा