उजव्या चाकावरचा पत्रा

आबा, मी तुमची थोरली. सकाळच्या भाकरी झाल्या, सून भांडी घेऊन बसली, आणि मी नातीच्या शेडमध्ये खुर्ची टाकून लिहायला बसलेय. वही तिचीच, मापं लिहायची. मागची पानं कोरी होती. अक्षर वाकडंतिकडं आहे, समजून घ्या. चौथीपर्यंत शाळा, आणि त्यानंतर सही करण्यापलीकडं पेन धरायचं काम पडलं नाही. नव्वदीला आलेली शेजारीण परवा म्हणाली, मेलेल्या माणसाला लिहिलेलं पोचत नाही. मी म्हटलं, जिवंत माणसाला लिहिलेलं तरी कुठं पोचतं, आमच्या सुनेच्या माहेरी पत्रिका पोचली नव्हती, त्यावरून रुसवा झाला. पण ते जाऊ द्या. मला गाडीचं सांगायचं आहे. माझं असंच होतं, ओतूरला म्हणून निघते आणि नारायणगावात उतरते.

नात म्हणजे माझ्या धाकट्याची पोरगी. तुम्ही गेलात तेव्हा तिचा बाप हाफ चड्डीत होता. पोरगी आयटीआयमध्ये वेल्डिंग शिकली, दोन वर्षं पुण्याला एका गॅरेजात राबली आणि परत येऊन बापाकडं कोंबड्यांची जुनी शेड मागून घेतली. करते काय, तर साधी डिकीवाली गाडी घेते, लग्नात वरमाय बसते तसली, आणि तिचा पत्रा कापून, नवा पत्रा ठोकून तिची शर्यतीची गाडी करते. खाली बसकी, मागून रुंद, उडी मारायच्या आधी मांजर दबा धरते ना, तशी. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मग एक दिवस तिनं वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवला आणि लाकडी हातोड्यानं हळूहळू ठोकायला लागली. सपाट पत्र्याला पोट येत गेलं, भाकरी फुगते तसं. मी दारातच उभी राहिले. आबा, तो आवाज मी पन्नासपंचावन्न वर्षांनी ऐकला. शेड दिसेनाशी झाली. आपलं पुढचं अंगण दिसतंय, बाभळीचा ओंडका दिसतोय, आणि तुम्ही धान्याच्या कणगीचं झाकण ठोकताय.

तुमची एक सवय होती, ती तुम्हाला तरी ठाऊक होती का कोण जाणे. चहा घ्यायच्या आधी, गारठ्यात, तुम्ही डोळे मिटून डावा तळवा पत्र्यावरून फिरवायचात. लोक जुन्या कणग्या दुरुस्तीला आणायचे. एखादीला कुणीतरी भोकावर डांबर थापून वरून रंग दिलेला असायचा, डोळ्याला काही दिसायचं नाही. तुमचा हात तिथं थांबायचा. पहाटे लोखंड गार पडतं, डांबर पडत नाही, असं तुम्ही एका पाव्हण्याला सांगत होतात आणि मी दाराआड उभी होते. दुसऱ्या दिवशी मी तसाच हात ठेवला. तुम्ही मनगट धरून बाजूला केलंत. "पाटी कुठंय तुझी? गावकीची कामं सोडली, धरम बदलला, ते काय पोरीनं पत्रा बडवावा म्हनून?" आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त लागलं. चार दिवसांनी तुम्ही मला दप्तराची पेटी करून दिलीत, कोपरे इतके गोल की बोट अडायचं नाही. पुढं आई आजारी पडली, शाळा सुटली, पेटी धाकट्या भावाकडं गेली. तुम्ही कधी त्याचं बोलला नाहीत. मीही नाही.

तर गाडी. मंचरचे एक गृहस्थ, एसटीतून रिटायर झालेले ड्रायव्हर. जुनी पांढरी गाडी घेऊन आले. नातीनं विचारलं, "काका, या वयात स्पोर्ट कार?" ते म्हणाले, "पोरी, तीस वर्सं उंच बसून लोकांच्या टपावरनं बघितलं. आता जमिनीला टेकून बसू दे." मला माणूस आवडला. पण बोलणं पक्कं करून गेले, दोन्ही बाजू सारख्या दिसल्या तरच गाडी नेणार, नाहीतर पुण्याला दुसऱ्याकडं. आणि इकडं नातीच्या बापानं जेवताना ताटावरून न उठताच सांगून टाकलं, "ही गाडी न्हाई जमली तर चाकणला कंपनीत जायाचं. शेडमधी टोमॅटोचे क्रेट ठेवू." पोरगी भाताकडं बघत होती. तिनं वाद घातला नाही. घातला असता तर मला बरं वाटलं असतं.

डावं मागचं चाक झकास झालं. चाकावर पत्र्याची रुंद कमान, अशी की उजेड तिच्यावरून घरंगळत जातो. मग तिच्यासाठी कापलेला पुठ्ठ्याचा नमुना उलटा करून उजवी केली. खाली जमिनीवर दोन्ही शेजारी ठेवल्या तर जुळ्या बहिणी. गाडीला लावली की उजवी फुगलेली. तिनं काढली, मोडली, नवी केली. पुन्हा फुगलेली. तिसऱ्यांदाही तेच. रविवारी ड्रायव्हर येणार आणि गुरुवारी सकाळी मी चहा घेऊन गेले तर तिसरी उजवी कमानही काढून, मोडून टाकलेली, आणि पोरगी फरशीवर बसलेली, हातमोजे न काढता. म्हणाली, "आजी, माझ्या हातातच नाहीये बहुतेक."

 मला त्यातलं काय कळतं. चहाचा ग्लास खाली ठेवला आणि डावीकडच्या पत्र्यावर तळवा टेकवला. थंडीचे दिवस, हात गारठून गेला. वळसा घालून उजवीकडं गेले. डोळे आपोआप मिटले, आबा. दाराजवळ गार, टाकीच्या झाकणाशी गार, आणि चाकाच्या वर, ताटाएवढ्या जागेत, गारवा नाहीच. कुणीतरी आत्ताच उठून गेलेल्या अंथरुणात हात घालावा तसं.

"इथं पत्रा न्हाई," मी म्हटलं.

"आजी, आहे की. रंग दिसतोय ना."

"रंग हाय. खाली लोखंड न्हाई. दुसरंच कायतरी हाय."

ती घरात जाऊन फ्रिजच्या दारावरचं चुंबक घेऊन आली. डावीकडं लावलं, टक्कन चिकटलं. उजवीकडं लावलं, घसरत खाली पडलं. पुन्हा लावलं, पुन्हा पडलं. मग तिनं ग्राइंडर लावला आणि गुलाबी भुकटी उडाली. पुट्टी. बोटभर जाड. कधीतरी गाडीला तिथं धक्का बसलेला, पत्रा आत गेलेला, आणि कुणीतरी तो बाहेर न काढता पुट्टी लिंपून, जरा जास्तच लिंपून, वर रंग मारलेला. त्या फुगवट्यावर ही बिचारी आपली कमान बसवत होती. तीन वेळा स्वतःचं काम मोडलं, पण गाडीवर एकदाही संशय घेतला नाही. ही खोड कुणाची, मी सांगायला नको. झाकण बसलं नाही की तुम्हीही कणगी सोडून स्वतःच्या हाताकडं बघायचात.

पोरगी भुकटीनं माखलेली, मला विचारते, "हे तुला कुणी शिकवलं?"

मी म्हटलं, "माझ्या बापानं."

मग दोन दिवस आम्ही दोघी. ती डिकीत शिरून, पाय बाहेर लोंबकळत, आतून ठोकायची. मी बाहेरून लोखंडी ठोकळा पत्र्याला दाबून धरायची. प्रत्येक ठोका माझ्या कोपरापर्यंत यायचा. आतून ती विचारायची, "आजी, आलं का वर?" मी हात फिरवायची, "अजून जवसाएवढं." सून दोनदा जेवायला बोलवून गेली. "आत्या, तुमचं वय काय, तुमी करताय काय?" मी म्हटलं, "वय घरी ठेवून आलेय." खरंच तसं वाटत होतं. दुपारचं ऊन शेडच्या फटीतून येऊन पत्र्यावर हलायचं, विहिरीच्या पाण्यावर हलतं तसं, आणि मला झोप आल्यासारखं व्हायचं, पण हात जागा असायचा. शनिवारी रात्री तिनं चौथी कमान चढवली, आणि गाडीवरही दोघी जुळ्या दिसल्या.

रविवारी ड्रायव्हर आले. आल्याआल्या एसटीच्या सवयीनं चारी चाकांना लाथ घातली. मग गाडीमागं जाऊन उकिडवे बसले. नातीचा बाप दारात उभा होता, हाताची घडी घालून. नातीनं आधी खरं ते सांगितलं, काका, गाडीला अपघात झाला होता, उजवीकडं पुट्टी होती. ते म्हणाले, "मागला मालक तर म्हन्ला, फुलावानी जपलीया."

"फुलाला पुट्टी लावली व्हती," मी म्हटलं.

ते हसले, उठले, डावीकडं गेले, उजवीकडं आले, पुन्हा डावीकडं. "आता सांग बाई, ठोकलेली बाजू कंची? मला तर वळखू येईना." नातीच्या बापानं घडी सोडली. क्रेटचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही. संध्याकाळी पोरीला म्हणाला, "आपल्या ट्रॉलीचं मागचं फाळकं वाकलंय, सवड झाली तर बघ." त्याच्याकडून एवढं खूप झालं.

आणि मला गाडीत बसवलं, पुढं. आबा, पाटावर बसल्यासारखं वाटतं. रस्ता मांडीखालून जातो. खोडदकडं निघालो. द्राक्षाचे मांडव, मग त्या दुर्बिणीच्या मोठाल्या पांढऱ्या ताटल्या आभाळाकडं तोंड करून, आणि आम्ही इतक्या खाली की गवताची टोकं खिडकीच्या वर. ड्रायव्हर म्हणाले, "आजी, भ्या वाटतंय का?" मी म्हटलं, "जरा पळवा की राव." वेग वाढला तशी मी पाठीला टेकले, नातीचा हात मागून माझ्या खांद्यावर होता, आणि किती वेळ गेला कळलं नाही.

हे कागद कुठं पाठवायचे नाहीत. वही तिला उद्या लागेल, पानं फाडून घेईन. पण एक गोष्ट राहिली. नात आता येईल त्याला सांगते, आमच्या पणजोबांनी आजीला हात धरून शिकवलं. मी तिला अडवलं नाही. तुम्ही शिकवलं नव्हतं, मी दाराआडून घेतलं होतं, हे तुम्हाला आणि मलाच ठाऊक. आधी मला लाज वाटायची. आता ती सांगायला लागली की मला दिसतं, पहाट आहे, तुम्ही माझ्या मागं उभे आहात, माझा तळवा धरून पत्र्यावर ठेवताय आणि म्हणताय, हं, सांग आता, गार कुठंवर हाय. असं काही झालं नव्हतं. तरी मी रोज थोडं जास्त आठवते.