बेकार बसलेला पोर्ट

सोमवार, ३ मार्च
सिस्टिम विभागाच्या हेडची जागा रिकामी. गुरुवारी सकाळी हेड ऑफिस फोनवर मुलाखत घेणार. उमेदवार दोन: मी आणि शेजारच्या टेबलावरचा सावकाश. कशालाही हात लावण्याआधी ‘सावकाश, सावकाश’ म्हणतो, म्हणून हे नाव मीच पाडलं. म्हणजे खरा उमेदवार एकच.
मुलाखतीसाठी डेस्कचा नंबर दिला. मोबाइल काय, कोणीही देतं.

मंगळवार, ४ मार्च
फोनवर माझा आवाज खरखरतो. बायको म्हणाली, फोनवरच असं नाही. दुर्लक्ष केलं. दोष गेटवेचा. ऑफिसचे सगळे फोन या एका डबीतून बाहेरच्या जगाशी बोलतात आणि तिचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, जुनाट. हेडचा आवाज भारदस्त हवा. उद्या नवीन टाकणार. सूचना वाचल्या नाहीत. अनुभव मग कशाला असतो?

बुधवार, ५ मार्च, दुपारी
फर्मवेअर चढलं. मध्येच अडलं तेव्हा जीव टांगणीला लागला होता, पण चेहऱ्यावर दाखवलं नाही. रिसेप्शनवरच्या बाईंना फोन लावून विचारलं, आवाज कसा येतोय. म्हणाल्या, दोन्हीकडून येतोय, जरा हळू बोला.

संध्याकाळी
गेटवेला एकच वायर. ऐन मुलाखतीत निखळली तर? दुसरी जोडली, त्याच स्विचला, म्हणजे ऑफिसच्या सगळ्या फोन-कॉम्प्युटरच्या वायरी जिथे येतात त्या पेटीला. स्विचने त्या वायरीचा पोर्ट लगेच अडवला. म्हणे लूप होईल: एका वायरीने गेलेला निरोप दुसरीने परत येणार, पुन्हा जाणार, गोल गोल फिरून सगळं नेटवर्क तुंबणार. आमच्या घरी निरोप वर्षानुवर्षं असेच फिरतात, संसार चाललाय ना? सावकाश म्हणाला, अडवलाय तो आपल्या भल्यासाठीच, राहू दे. मी का राहू देऊ? पोर्ट चक्क बेकार बसलेला. तो घरी गेल्यावर लूप-प्रोटेक्शन बंद केलं. दोन्ही दिवे हिरवे आणि काय लुकलुकतायत! कामाला लागले एकदाचे. समाधानाने निघालो.

गुरुवार, ६ मार्च, सकाळी
इंटरनेट ठप्प. सगळे इंटरनेट कंपनीला शिव्या घालतायत, मीही दोन घातल्या. फोनबद्दल मात्र एकही तक्रार नाही. तक्रारी माझ्याकडे फोनवरच येतात आणि सकाळपासून तो एकदाही वाजला नाही. याला म्हणतात अपग्रेड.
हेड ऑफिसचाही नाही वाजला. मोठ्या लोकांना उशीर होतोच.

दुपारी
सहज रिसीव्हर उचलला. मेलेला. शेजारचाही. तोवर सावकाशने दुसरी वायर ओढून काढली होती. सगळे फोन एकदम वाजायला लागले, त्यात माझा नव्हता.

शुक्रवार, ७ मार्च
हेड ऑफिसने काल सकाळभर माझा नंबर लावला. लागला नाही. सावकाशने त्यांना मोबाइल नंबर दिला होता. जागा त्याला मिळाली.
मी काय केलं, हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. अपग्रेडमध्ये होतं असं, एवढंच म्हणाला. ओरडला असता तर निदान भांडता आलं असतं.
केबिनमध्ये जाऊन अभिनंदन केलं. त्याला ‘साहेब’ म्हणावं लागलं. पहिल्यांदा म्हणताना अडखळलो. दुसऱ्यांदा शब्द अगदी सहज आला, आणि त्याचंच जास्त वाईट वाटलं.