अक्काचं बेसन

प्रिय अक्का,

निलंग्याच्या एसटीतून पाठवलेला डबा काल मिळाला. कंडक्टर म्हणाला, "ताई, लाडवांचा वास लई सुटलाय, एक तरी द्या की." दोन दिले. अप्पा गावभर सांगत फिरतात म्हणे, "आमच्या मंजूला पीठ बघायचं बक्षीस भेटलं." मला हसू आलं, पण अप्पांचं चूक नाही. बेसनावर यंत्रातून प्रकाश टाकायचा आणि तो कसा परततो त्यावरून हरभऱ्यात स्वस्तातली लाखोळीची डाळ मिसळलीय का ते ओळखायचं. कारखान्यांनी माझी ही पद्धत घेतली, म्हणून हा पुरस्कार.

रविवारी नांदेडला समारंभ आहे. घरातून कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे व्यासपीठाची सवय नाही. त्यात अध्यक्षांनी फोन केला, "मॅडम, तुमच्या घरचंच बेसन आणा, सगळ्यांसमोर तपासू." मी हो म्हणून बसले. तुझ्या सासऱ्यांच्या गिरणीचं पीठ, याहून घरचं कुठलं? लाडवांखाली तू ते बांधून दिलंच होतंस.

सवयीप्रमाणे आधी एकटीने तपासलं. अक्का, त्यात लाखोळी निघाली. यंत्र पुसलं, स्वतः दळलेलं हरभऱ्याचं पीठ ठेवलं, ते स्वच्छ निघालं. तुझं पुन्हा ठेवलं. माझी पद्धतच चुकीची ठरू दे, पुरस्कार गेला तरी चालेल, असं म्हणत सिद्धेश्वराला हात जोडले. यंत्राने तेच दाखवलं. गिरणी आता संगमेश भावजी बघतात, पण त्यांना माहीत नसेल. बाजारातून आलेल्या मालातच भेसळ असेल. असेलच ना?

तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि सासूबाई शेजारी, म्हणून फोन केला नाही. डबा रिकामा परत करू नये, म्हणून त्यात निवडलेली हरभरा डाळ भरलीय आणि तळाशी हे पत्र. गिरणीचं पीठ आजपासून बंद कर. तुझ्या लेकाला, आनंदराजला, तू रोज पिठलं-भात भरवतेस, आणि तो अजून धरल्याशिवाय उभा राहत नाही, हे तूच मागे बोललीस. ती डाळ फार दिवस खाल्ली तर पायांतलं बळ जातं. त्याचं कारण हेच असेल असं नाही, पण डॉक्टरांना दाखव आणि पिठाचंही सांग. भावजींना म्हणावं, दुकानांत गेलेली पोती परत मागवा. रविवारी मी हेच पीठ नेणार आहे. कुणाचं, असं विचारलं तर मला खोटं बोलता येणार नाही. पोती परत आली असतील, तर तेही सांगेन. माझ्यावर रागाव, पण फोन कर. "डाळ पोचली" एवढंच म्हण आणि मग फोन जरा आनंदराजच्या तोंडाशी धर.

तुझीच,
मंजू