खंडेनवमीला थांबवलेलं इंजिन

बुऱ्हाणपूर,
आश्विन शुद्ध त्रयोदशी, १९५१

प्रिय मंगला,

एक सिलिंडर, बिडाच्या जुन्या नळापासून कातलेला, आतून आरशासारखा. त्यात बसणारा एक दट्ट्या. एक ढकल्या, पातळ पत्र्याचा, पोकळ, वजन साडेनऊ तोळे. एक चाक, शिशाचं, तापीच्या वाळूत साचा करून ओतलेलं. फुटक्या घागरीचा पत्रा कापून केलेली गार पाण्याची टाकी. पंख्याची चार पाती. आणि एक पितळी पट्टी, तिच्यावर छिन्नीनं कोरलेलं माझं नाव. हे सगळं मी या दोन हातांनी केलं. विकत आणले ते फक्त स्क्रू आणि दिव्यातलं रॉकेल.

हे तुला आधी लिहिलं, कारण पुढचं लिहायला हात धजत नाही.

तू गेल्या दिवाळीला भुसावळहून आली होतीस, तेव्हा ते इंजिन नुसतं फुसफुसत होतं. चार फेरे घ्यायचं आणि बसायचं. तू हसली होतीस, आणि तुझी आई म्हणाली होती की तुझ्या अण्णांनी सवत आणली खरी, पण तीही माझ्यासारखी दमेकरी निघाली. ते चैत्रात सुरू झालं. संस्थानं विलीन झाली त्या वर्षी एका जहागीरदाराच्या कोठीतलं सामान लिलावात निघालं होतं, त्यातला रॉकेलवर चालणारा विलायती पंखा मी भंगाराच्या भावात आणला होता, तुला आठवत असेल. तो तडकलेला होता, दुरुस्त होण्यातला नव्हता. पण तो मी तीन वेळा खोलला आणि तीन वेळा जोडला, आणि मला त्याची रीत कळली. आत कोंडलेली हवा दिव्यानं तापते, फुगते, दट्ट्याला वर लोटते. ढकल्या तिला गार पाण्याकडे ढकलतो, ती आक्रसते, दट्ट्या खाली येतो. तीच हवा, पुन्हा पुन्हा. बॉयलर नाही, वाफ नाही, फुटायची भीती नाही. दट्ट्याच्या आणि ढकल्याच्या क्रँकांमध्ये बरोबर पाव फेऱ्याचं अंतर हवं. मी आधी अंदाजानं ठेवलं, आणि सहा महिने तिथेच वाया गेले.

दट्ट्याचं सांगतो. सिलिंडर उभा धरायचा, खालचं तोंड तळहातानं बंद करायचं आणि वरून दट्ट्या सोडायचा. सात अंक मोजून होईपर्यंत तो तळाशी येता कामा नये, आणि हात काढला की कुठे अडता कामा नये. मी पायाच्या लेथवर अकरा दट्ट्ये कातले. दहा फेकले. त्याला तेल चालत नाही, तेलाचा चिकटा होतो. शिसपेन्सिलीचं शिसं कुटून, फडक्यातून गाळून, बोटानं लावायचं. इतकी जागा त्या दोघांत नसते की तुझा एक केसही जाईल. बिनचूक करायची माझी खोड तुला माहीत आहे. तीच मला आता छळते.

आपल्या गल्लीत वीज अजून आलेली नाही. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तुझ्या आईच्या तोंडावर वारा खेळता ठेवा आणि थंडी पडायच्या आत मिरजेच्या इस्पितळात नेऊन दाखवा, दोन महिने तिथे राहायच्या तयारीनं. वारा माझ्या हातात होता. चैत्रापासून ते इंजिन हिच्या खाटेशी चाललं, दिवसाला पाच-सहा तास. टक, टक, टक. हिला त्या आवाजात डोळा लागायचा. आणि मला त्या आवाजाची भीती बसली, मंगला. म्हणजे तो थांबेल याची. लेथवर असलो तरी एक कान घरात. टक उशिरा पडला की मी लेथ सोडून दारात. मिरजेचं मी रोज दिवाळीवर ढकलत होतो, कारण पैसा नव्हता, आणि नव्हता हे मी तिला सांगत नव्हतो.

आता खंडेनवमीचं. पंधराव्या वर्षापासून त्या दिवशी मी हत्याराला हात लावलेला नाही. सगळं घासूनपुसून पाटावर मांडायचं, हळदीकुंकू वाहायचं, अक्षता टाकायच्या, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायचं नाही. यंदा मी अडलो. हिला वाऱ्याशिवाय कसं ठेवायचं? इंजिन सोडून बाकीचं मांडावं असं मनात होतं. तर हीच म्हणाली, "आज त्यालाही विसावा द्या. मला काही होत नाही." एवढं म्हणून कूस बदलली. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. मी दिवा विझवला, इंजिन खोललं, पाटावर मांडलं. दट्ट्याला कुंकवाचं बोट लावलं, सिलिंडरला लावलं. अक्षता टाकल्या. पट्टीवर झेंडूचं फूल ठेवलं.

दुपारी तीनला हिला धाप लागली. शेजारच्या गोदाबाई धावत आल्या, त्यांनी हिला पाठीशी उशा लावून बसतं केलं. बाहेर आश्विनाचं ऊन, आत वाऱ्याची झुळूक नाही. ओठ काळसर पडायला लागले. मी पाटावरनं दट्ट्या उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि घातला. नुसता पुसला. ज्या माणसानं शिसं गाळून लावलं, त्या माणसानं. दिवा पेटवला, चाकाला हात दिला. टक, टक, पाती फिरली, हिच्या कपाळावरचे केस हलले, आणि मी देवाचं नाव घेतलं. चाळीसेक फेरे झाले असतील. मग आत काहीतरी करकरलं आणि चाक जागीच उभं राहिलं. कुंकू होतं, आणि अक्षतेची कणी. सिलिंडरला वरपासून खालपर्यंत ओरखडा.

गोदाबाईंनी आणि मी दोन सुपांनी वारा घातला, दिवेलागणीपर्यंत. मग धाप बसली. डॉक्टर येऊन सुई देऊन गेले. जाताना एवढंच म्हणाले की पुढची अशी आली तर माझा भरवसा धरू नका.

तेव्हापासून ही बोलत नाही. म्हणजे विचारलं तर बोलते. जेवलात का, असं मला विचारते. पण स्वतःसाठी काही मागत नाही, पाणीसुद्धा नाही. मिरजेचं नाव काढत नाही, जे पूर्वी दर आठवड्याला काढायची. चार दिवस मी नवा सिलिंडर कातायला बसतो आणि हत्यार जागेवर धरवत नाही. ते आयुष्यात प्रथमच. गोदाबाई म्हणाल्या, त्या दिवशी सकाळपासूनच हिला जड होत होतं, कोणाला सांगू नका म्हणाली. मग मला 'त्यालाही विसावा द्या' असं का म्हणाली? हे कोडं मी चार दिवस उलटंपालटं करतो आहे, आणि एकच उत्तर येतं, आणि ते खरं निघेल या भीतीनं मी तिच्या डोळ्यांकडे पाहत नाही.

तू पत्र मिळताच निघून ये. जावईबापूंना सांग, चार दिवसांचं काम आहे. तिला मिरजेला पोहोचवायला तू सोबत हवीस, पुढे दोन महिने मी राहीन. लेथ विकायला काढली आहे, गिऱ्हाईक उद्या येतंय. पण त्याआधी तू तिच्याजवळ बस आणि हळूच विचार, अष्टमीच्या संध्याकाळी ती जागी होती का. मला विचारवत नाही. त्या संध्याकाळी कापसाच्या जिनवाले भाईदास सेठ ओट्यावर आले होते, तिच्या खाटेच्या आणि आमच्या मधे फक्त पडदा. मी इंजिन बाहेर आणून दाखवलं, त्यांनी पातीसमोर हात धरला आणि म्हणाले, "मिस्त्री, मशीन तुमची एक नंबर आहे. फक्त ही पट्टी काढा, आमच्या पेढीची लावून विकू." मी म्हटलं, नाव निघणार नाही. ते हसले, पुन्हा विचारलं, मी पुन्हा तेच म्हटलं, आणि मोठ्यानं म्हटलं, मला माझाच आवाज आवडला होता. बाराशे रुपये देत होते, रोख, मिरजेचा सगळा खर्च त्यात निघाला असता.

तुझाच,
अण्णा