जाळीतून जाणारी ऊब

९ जानेवारी २००२, अजमान
हीटर दिवसभर चालू, तरी खोलीत सतरा अंश! ताईचं बाळ वेळेआधी झालं. पाय सारखे गार. डॉक्टरांनी बजावलंय — ऊब हवी. भावोजी रुवैसला, रिफायनरीत. ताई म्हणते, "समू, तू एसीवाली ना? मग कर की काहीतरी!"

११ जानेवारी, शुक्रवार
सापडलं. स्टुलावर चढून एसीच्या जाळीखाली उदबत्ती धरली — धूर सरळ आत ओढला गेला. एसी बंद असून! आमचा मजला शेवटचा, एसीची हवा आणणारा पत्र्याचा डक्ट गच्चीवर उघड्यावर. ऊब तिकडेच जाते. ऑफिसात मी गारवा किती लागेल तेवढंच काढते. हिवाळ्याचं कुणी विचारत नाही.

वॉचमन खैरुद्दीनकडे गच्चीची चावी मागितली. "मॅडम, ठंडी दो महिना, फिर खलास!" चावी मालकाकडे. मालक म्हणाला, इन्शाल्ला. म्हणजे नाही.

मग आतूनच. जाळीवर प्लॅस्टिक, कडेने ॲल्युमिनियमची टेप.

१२ जानेवारी
एकवीस!! बाळाचे पाय कोमट. आई म्हणाली, "शिकवलेलं वाया नाही गेलं."

१४ जानेवारी
आईशी वाद. बाळंतपणासाठी साताऱ्याहून येताना लोखंडी शेगडी आणलीय. कोळसा खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात मिळतो.
"पलंगाखाली शेगडी नाही, तर बाळंतीण कसली?"
समजावलं — बंद खोलीत कोळशाचा वायू साचतो. वास नाही, दिसत नाही. माणूस झोपेत जातो.
"तुम्ही दोघी शेगडीवरच वाढलात. गेलात का?"
"तिथे वर कौलं होती, आई."
शेवटी कबूल झाली. शेगडी फक्त गॅलरीत.

१६ जानेवारी
ताईचं डोकं दुखतंय. मळमळ. आईच्या मते कानात वारा शिरला. घरी आले तर खोलीत ओव्याचा वास.
"गॅलरीतच धुरी दिली गं. दुपट्याला वास राहतो."
बरं.

१७ जानेवारी
पुन्हा डोकं. बाळ दूध ओढत नाही, नुसतं झोपतं. आई म्हणते, "दाराखालून वारा येतोय. तेवढी फट बुजव ना!"
रबराची पट्टी लावली. काम नीट झालं. आता कुठूनच वारा नाही.

१९ जानेवारी
ऑफिसात आईचा फोन — "मायलेकी उठत नाहीत."

ताईला हॉस्पिटलात शुद्ध आली. ऑक्सिजन लावलाय. बाळ गेलं.

डॉक्टर माझ्याशी इंग्रजीत बोलले. बंद खोली, कोळसा. आई बाही ओढत होती — "काय म्हणाले? काय म्हणाले गं?" मी म्हटलं, नंतर सांगते.

घरी येऊन पाहिलं. पलंगाखाली शेगडी. मी ऑफिसला गेले की रोज आत आणत असणार. टेप फाडली, पट्टी उपटली. काय उपयोग!

भावोजी निघालेत. त्यांना फोनवर फक्त "या" म्हटलंय.

२४ जानेवारी
ताई घरी आली. भिंतीकडे तोंड करून पडते. खोलीत पुन्हा सतरा.
भेटायला येणाऱ्यांना आई सांगते, "वारा लागला हो लेकराला. कुठेतरी फट राहिली असणार."
मग माझ्याकडे बघते.
मी म्हणते, हो. राहिली असेल.