दादूचा व्हय

राजधानीच्या गावाहून,
माघ, सन १९२९

आये, तुझ्या पायांवर डोकं ठेवून कोंडाजी लिहितो की आम्ही दोघे भाऊ सुखरूप आहोत. दादूला कोठडीत भाकरी मिळते, खोकलाही थांबलाय. त्याच्या बायकोला, कोकिळेला, एवढं सांग, म्हणजे ती जेवेल. वालाला शेंगा धरल्या का?

वकील म्हणतात, संस्थानातल्या सगळ्या कोर्टांवर इथलं न्यायमंडळ आहे. खालच्या कोर्टाचं चुकलं, तर ते कागद मागवून सजा रद्द करू शकतं. आपले कागद मागवलेत. तू घोर लावून घेऊ नकोस.

खाडीचा बांध उधाणानं फुटला, हे गावाला ठाऊक आहे. पण खालच्या कोर्टात न्यायाधीश साहेब म्हणाले, "बांध तू फोडलास," आणि आपला दादू म्हणाला, "व्हय." पुढच्या वाक्यालाही "व्हय." साहेब परमुलखातले, त्यांनी गुन्हा कबूल म्हणून लिहिलं. ऐकतोय एवढंच सांगायला आपण व्हय म्हणतो, हे त्यांना काय माहीत? मोठं माणूस बोलताना मुक्यासारखं उभं राहू नये, हे तूच आम्हाला शिकवलंस.

उद्या मंडळ स्वतः दादूला विचारणार आहे. आज मी त्याला गजांतून बजावलं, "फोडलास का म्हणाले, तर न्हाय म्हणायचं. कळलं?"

तो म्हणाला, "व्हय."

आये, कळलं म्हणून तो व्हय म्हणाला, की नुसता ऐकत होता म्हणून, हे मला अजून उमगलेलं नाही. देवापुढे दिवा लाव.

तुझा कोंडाजी